काळ्या कागदातली बाटली

माझं काम काचेची भांडी धुणं.
तालुक्याचं कॉलेज, वैनगंगेपासून सायकलीने वीस मिनिटं,
हजेरीपटावर नाव : डोमाजी हेडाऊ, परिचर.
त्याआधी अठरा वर्षं हात रंगाच्या हौदात होते.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे थोडं.
साबणाने जात नाही, मीही आता घासत नाही.

बाप म्हणायचा, लुगडं फाटेल, रंग हटणार नाही.
पाच कोस चालून बाया यायच्या या एका वाक्यासाठी.
मीठ किती, सोडा किती, उकळी कुठवर न्यायची
हे त्याने सांगितलं नाही,
कानशिलात देऊन शिकवलं.
रंग बसला की उरलेलं पाणी
सांदवाडीतून नाल्यात.
त्या पाण्याला आम्ही कधी नाव दिलं नाही,
नावं तर ठेवलीच नाहीत.

वृषाली बांते मॅडमला नेमकं तेच पाणी हवं.
भुकटी त्यांनी इथेच बनवली :
जस्ताची पांढरी, लोखंडाची तपकिरी,
आणि धानाच्या कोंड्याचा कोळसा.
राइस मिलवाल्याने कोंडा फुकट दिला, वर विचारलं,
"मॅडम, चुलीसाठी काय जी?"
भट्टीतून निघालं ते इतकं बारीक
की चिमटीत धरलं तरी चिमूट रिकामी वाटे.

एप्रिलात गच्चीवर मांडल्या बाटल्या.
सहा उघड्या, सातवी काळ्या कागदात गुंडाळलेली.
ऊन असं की कठड्यावरचं कबूतर
एकेक पाय आलटून उभं.
दर वीस मिनिटांनी मी ढवळायचो, मॅडम वहीत लिहायच्या.
दोनच्या सुमारास निळं जवसाच्या फुलाएवढं उरलं,
मग आभाळाच्या कडेएवढं,
मग नाहीच.

"गेला कुठी जी रंग?"
"गेला नाही, डोमाजी. तुटला."
नुसता कोळसा रंगाला पोटात लपवतो, त्या म्हणाल्या,
इथे वीणच उसवते.
कणावर ऊन पडलं की आतला एक जण उठून जातो,
त्याची जागा रिकामी राहते,
आणि ती रिकामी जागाच काम करते.
पाण्याकडून हिसकावते, रंगाची कडी न् कडी सोडवते.
कोळशाने एवढंच बघायचं
की उठून गेलेला लगेच घरी परतू नये.

मला हे बरोबर समजलं की नाही, माहीत नाही.
बाप गेला त्या वर्षी हौद बंद केला मी,
ते मात्र आठवलं.

बाटलीला चुंबक लावला की भुकटी सरकत कडेला येते,
धुऊन पुन्हा वापरायची.
पहिल्या खेपेला शंभरात शहाण्णव, पाचव्या खेपेला त्र्याऐंशी.
"थकते," मी म्हणालो.
मॅडम हसल्या, पण तसं लिहिलं नाही.

मग खरं पाणी आणलं, रत्नाकर धकात्याच्या हौदातलं.
तोही बापाच्याच हाताखाली शिकलेला.
त्यात मीठ, खळ, एक बिडीचं थोटूक.
सहा तास.
शंभरात एक्केचाळीस.
मॅडमनी वही मिटली,
खाली जाऊन पंख्याखाली बसल्या, पंखा बंद असताना.

मी बोललो नाही की हा लाल माझ्या ओळखीचा आहे,
बापाच्या मापाने बसवलेला,
एका उन्हात हटणारा नव्हेच.
अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.
आणि लगेच तुळसाबाईची विहीर दिसली
नाल्याच्या खालच्या अंगाला,
जिच्या गुलाबी पाण्याला तिची म्हैस तोंड लावत नाही.

संध्याकाळी भांडी धुवायला घेतली.
सातव्या बाटलीचा कागद सोडला :
आत सकाळचं निळं, जसंच्या तसं.
भुकटी तीच, पाणी तेच,
फक्त ऊन पोचलं नव्हतं.
मोरीत ओतायला हात उचलला, आणि राहिला.

बाटली नेऊन कठड्यावर ठेवली, कागदाशिवाय.
हे वहीत लिहायचं नसतं.
बांबूच्या बेटावर
सूर्य अजून हातभर होता.